ओलेटा नंबर एक

हर्शेलनं आपल्या पहिल्या तेलविहिरीला माझंच नाव दिलं होतं, ओलेटा नंबर एक. ओक्लाहोमातल्या आमच्या गावात बायकोला याहून मोठा दागिना नसतो. चाळीस वर्षं त्या विहिरीचा पंप घरामागच्या माळावर पेंगणाऱ्या घोड्यासारखा मान हलवत राहिला. विहीर आटल्यावर हॉटेलात त्याचे दोस्त चिडवायचे, "काय रे, ओलेटाला बुजवतोस कधी?" मी हसायचे. हर्शेल कॉफी टाकून उठायचा. माझ्या हृदयाच्या ऑपरेशनपासून पंप थांबवायला तो घाबरायचा, जणू काही त्याच्यापाठोपाठ मीही थांबणार होते. शेवटी एका धुकट सकाळी मीच हर्शेलला माळावर नेलं. "मला नाही जमणार गं." "सर बाजूला, वेड्या. माझ्या नावाची आहे, मीच निजवते." मी बटण दाबलं. पंपानं सावकाश मान खाली घातली, ती वर आलीच नाही. हर्शेलनं डोळे मिटून माझं मनगट धरलं आणि नाडी सापडल्यावरही सोडलं नाही.