अकरावं गाव

"झालं का?" इद्रिसने तिसऱ्यांदा विचारलं.

"होतंय रे, बस जरा," मृणालिनी म्हणाली. तिचंही मन सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं. त्यात हा खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होता.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावी, विद्यापीठाच्या भूगोलाच्या लॅबमध्ये दोघं शेजारी शेजारी बसून पीएचडी करत होती. ती नागपूरची. तो अशा देशातला, जिथे चौथ्या वर्षीही यादवी संपत नव्हती. त्याची आई अजून तिकडेच, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात होती. दोन महिने तिचा फोन नव्हता.

उपग्रहाच्या फोटोंवरून तिकडची गावं हुडकून नकाशे करायचं काम मृणालिनीला त्या उन्हाळ्यात, २००६ साली, मिळालं होतं. व्हर्जिनियातली एक कंपनी त्या गावांना धान्य पोचवणार होती. त्यांना सगळं हवं होतं: झोपड्या किती, विहिरी कुठे, ट्रक कुठून आत शिरतील, कुठला रस्ता अडला की गावाला दुसरी वाट उरत नाही. पैसा तिकडे तेल काढणाऱ्यांचा होता. मृणालिनी एकेक झोपडी इमानेइतबारे मोजायची. आपण इथे एसीत बसून कुणाच्या तरी तोंडी घास घालतोय, याचं तिला मनापासून बरं वाटायचं.

पहिला नकाशा महिन्यापूर्वी गेला. त्यात दहा गावं होती आणि अकरावं बयोरा.

लॅबमधला सीनियर यतीन त्यावरून तिची टर उडवायचा. गेल्या वर्षी तिचा नकाशा कुणीतरी स्वतःच्या नावावर छापला होता. तेव्हापासून ती प्रत्येक नकाशात एक खोटं गाव घालायची. दुसऱ्याच्या नकाशात ते दिसलं की चोर सापडला! या वेळी ओसाड वाळूत एक ठिपका देऊन तिने त्याला आपल्या बयोआत्यावरून बयोरा हे नाव चिकटवलं होतं.

"अगं, धान्याचा ट्रक तुझ्या आत्याला शोधत फिरला तर?" यतीनने विचारलं होतं.

"झोपड्या शून्य लिहिल्यात. रिकाम्या गावात कोण धान्य पाठवेल, यार?"

दुसऱ्या नकाशात इद्रिसच्या आईचं खोरं होतं. तो नकाशा खरं तर पुढच्या महिन्यात जायचा होता. पण इद्रिस रडकुंडीला आला होता. "आधी पाठव. तिथे दाणा उरला नसेल." मग मृणालिनीने क्लासेस बुडवले, लायब्ररीतली ड्यूटी कॅन्सल केली. विहिरीजवळच्या मोठ्या झाडाशेजारची झोपडी त्याने स्वतः बोट ठेवून दाखवली. ती तिने सगळ्यात काळजीने मांडली.

"गेला!" तिने बटण दाबलं. पलीकडून लगेच उत्तर आलं: मिळाला, आजच पुढे पाठवतो.

इद्रिस त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत टेकला. तिने चिवड्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला. एका हाताने खात त्याने आपल्या देशाच्या बातम्या उघडल्या आणि त्याचा हात थांबला.

"लष्कराचं निवेदन आहे. बंडखोरांचे अड्डे जाळले म्हणे. गावांची नावं दिलीत."

मृणालिनीने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "तुझं?"

तो ओठ हलवत, मनातल्या मनात यादी वाचत गेला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नाही. आमच्या खोऱ्यातलं एकही नाही."

तो रडत होता आणि हसतही होता. तिचेही डोळे भरून आले. केवढं मोठं संकट टळलं होतं! "आता धान्यही वेळेवर पोचेल," ती म्हणाली.

त्याने डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"हे शेवटचं मात्र कळत नाही. चाळीस बंडखोर मारले म्हणतात तिथे. मी त्याच भागात वाढलो, पण हे नाव कधी कानावर आलं नाही. मृणाल, बयोरा कुठे आहे?"