नांदलेली

‘सासरला जाते, मागं वळून पाहीना,
म्हायेराचं दार माझ्या डोळ्यांत माईना.’

गोठ्यात वैरण टाकताना अनसा आत्या हे गायची. हर्षदा तेव्हा पहिलीत होती. आत्या दिवाळीला आली, संक्रांतीपर्यंत राहिली, मग एका सकाळी जीपमध्ये बसून पाटसला सासरी गेली. गाणं तेवढं हर्षदाच्या कानात राहिलं.

आज न्हावऱ्यात, त्याच माहेरघराच्या ओसरीवर आत्या बसली होती. पुढ्यात सुपात गहू, नारळ, खण. समोर शेजारची साधना, मान खाली. तिचे आईबाप भिंतीला टेकलेले. दारात तिला परत न्यायला आलेली सासरची जीप.

हर्षदा समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती. एका मोडत्या घराशी बोलून समेट घडवायचा, तो कॉलेजात मांडायचा, मग परीक्षा. ‘आधी बाईशी एकटीशी बोला,’ असं मॅडमनी शिकवलं होतं. मघाशी ती त्यासाठी उठलीही होती.

“काय इचारायचं त्यात?” तिचे वडील, कोंडिबाअप्पा, हसले. “तुजं कॉलेज आत्ता निघालं. मी कवापास्नं घरं सांधतुय.”

ती बसली. अप्पांसारखी घरं सांधायची, म्हणून तर तिनं हे शिक्षण धरलं होतं.

“साधने, हिकडं बघ,” अप्पा म्हणाले. “ही माजी भन. हीबी आली हुती रुसून. म्या ओटी भरून धाडली. आज हाताखाली सून हाय तिच्या. व्हय का न्हाई गं, अनसा?”

आत्या गहू निवडत राहिली. गव्हात खडा नव्हता.

ओटी भरली की बोलणं संपलं, हा अप्पांचा शिरस्ता. भरल्या पदरानं बाई भांडत नाही. म्हणून ते ओटी लवकर भरून घेत.

जीपचा हॉर्न वाजला.

“पावणं खोळंबल्यात. भर गं.”

साधनानं पदर पसरला, एकाच हातानं. दुसरा, सुजलेला, तिनं आत, पोटाशी धरला होता. हर्षदाला दिसलं. प्रश्न ओठांवर आला. तिनं अप्पांकडं पाहिलं, आणि गिळला.

“ताई,” साधना हर्षदाला हळूच म्हणाली, “तू तरी इचारशील वाटलं हुतं.”

आत्याची गव्हाची मूठ पदरावर आली आणि तिथंच थांबली.

“भर की,” अप्पा म्हणाले.

“मी रुसून आले नव्हते, दादा. आन् नांदलेबी न्हाई, नुस्तं दिस काढलं.” आत्याचा आवाज गाण्यातल्यासारखाच बारीक होता. “तू धाडल्यावर आठ दिसांत मी यष्टीनं माघारी आले हुते. ह्याच दाराची कडी वाजवली. लई येळ वाजवली.”

“काय बोलतीस, अनसा? लोकं बसल्यात.”

तिनं मूठ मागं घेऊन सुपावर उघडली. गहू परत सुपात पडले.

“आतनं तू खोकलास, दादा. दार न्हाई उघडलंस.”