न जाणारी स्क्रीन

बंद केलेली स्क्रीन जात नव्हती. दिसायला जायची, पण मोबाइलच्या पोटात ठाण मांडून बसायची, कार्य आटोपल्यावरही न हलणाऱ्या पाहुण्यासारखी. असे बरेच पाहुणे साठले की अ‍ॅप कोसळायचं. सुनेला ते आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून द्यायचं होतं.

आज आणखी एक उत्तर द्यायचं होतं. ऑफिसातल्या दाढीवाल्याने लग्नाचं विचारलं होतं. माणूस भला होता. स्वयंपाकघरातला नळ दोनदा दुरुस्त करून गेला होता आणि दोन्ही वेळा चहासुद्धा न मागता. तरी तिने 'नाही' टाइप करून ठेवलं होतं. पाठवायचं तेवढं राहिलं होतं. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सासूबाई दोघीच. त्यांना एकटं टाकायचं कसं? रोज सातला मालिका लावून त्यांच्या शेजारी कोण बसणार? मालिकेतली नायिका गेली दोन वर्षं बेशुद्ध होती, पण सून नेमाने बसायची.

"काय अडलंय?" समोर मटार सोलणाऱ्या सासूबाईंनी विचारलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. न कळणाऱ्या विषयातही चूक काढण्याचा अनुभव दांडगा.

"आई, ही स्क्रीन स्वतः फोटो आणत नाही. ते काम मदतनीसावर सोपवते. कशासाठी कशी हाक मारायची, याचा दोघांत करार असतो."

"मग बिघडलं कुठे?"

"स्क्रीनने मदतनीसाला घट्ट धरलंय आणि मदतनीसाने स्क्रीनला. ज्याला कुणीतरी धरलंय, त्याला मोबाइल जाऊ देत नाही. दोघांचं काम कधीच संपलंय. पण बसलेत एकमेकांसाठी अडून."

"मूर्ख आहेत मेले. उपाय?"

"मदतनीसाची पकड सैल करायची. करार तोच, हाकही तीच. फक्त धरून ठेवायचं नाही."

तिने कोडमध्ये एक शब्द लिहिला, स्क्रीन उघडली, बंद केली. या वेळी ती खरंच गेली.

सासूबाई बराच वेळ एकच शेंग सोलत राहिल्या. मग उठल्या आणि बहिणीला फोन लावला. "ती समुद्राकडची खोली दिलीस का कुणाला? देऊ नकोस. येतेय मी."

"आई! खारी हवा सोसत नाही म्हणाला होतात ना?"

"हवेला काय धाड भरलीये? तू एकटी पडशील, ते सोसत नव्हतं. आणि त्या नळवाल्याला तू 'नाही' म्हणणार, ते कुणापायी? तुझ्या फोनवर वाचलंय मी."

सुनेने नाक ओढलं.

"रडू नकोस. करार करू. तू हाक मारलीस की मी फोन उचलणार. औषध घेतलं का, हे विचारायचं. वजन विचारायचं नाही."

सुनेने 'नाही' पुसलं आणि लिहिलं, 'हो. रविवारी गाडी घेऊन ये, आईंना मावशींकडे सोडायचंय.' उत्तर लगेच आलं, 'नळाचा पानाही आणू का?'

हसता हसता तिने डोळे पुसले. "टीव्ही तुम्हीच न्या, आई. तुमची मालिका चुकायला नको."

"माझी?" सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं, मी तर ती तुझ्यासाठी बघत होते!"