सतरा नंबरचा बिल्ला

टेबलावर पत्र्याचा बिल्ला टेकल्याचा टक् असा आवाज झाला, तशी तिने मान वर केली.

"चौकशीसाठी ठेवून घेतला होता," अग्निशमन केंद्राचे साहेब म्हणाले. "आता तुमच्याकडेच असू दे, वहिनी."

बिल्ल्यावर सतरा. तिच्या नवऱ्याचा नंबर.

तिने चहा आणला. सवयीने तीन कप भरले होते. तिसरा तसाच निवत राहिला.

दाराशी नवऱ्याचे बूट पडले होते. त्यांच्यावरची राख तिने तीन दिवसांत पुसली नव्हती. रडूही आलं नव्हतं. कुकर लावायचा, पोरीला नवा ब्रश देऊन दात घासायला लावायचे, आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, एवढं हात आपोआप करत होते.

सहा वर्षांची पोर तिच्या पायाशी बसून चित्र रंगवत होती आणि ती पोरीची वेणी घालत होती. "अशी सैल नको," पोरीने मान झटकली. तिने वेणी सोडली, पुन्हा घातली.

"साहेब, एकदा नीट सांगा. तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय सगळं."

साहेबांनी कप खाली ठेवला. "आगीत शिरताना प्रत्येकाने आपला बिल्ला पुढच्या दाराशी फळ्यावर अडकवायचा. बाहेर आला की काढून घ्यायचा. फळ्यावर बिल्ला, म्हणजे माणूस आत. एवढं साधं."

"आणि सतरा नंबर फळ्यावरच होता."

"हो. तो एका म्हातारीला खांद्यावर घेऊन मागच्या जिन्याने खाली उतरला. तिकडे ॲम्ब्युलन्सवाले होते. त्यांनी पाहिलं, वायरलेसवर सांगितलंही. पण त्यांचं चॅनेल निराळं, आमचं निराळं. त्यांना वाटलं, आम्ही ऐकलं."

"किती वेळ?"

"अकरा मिनिटं. मी आपला ओरडतोय, सतरा, सतरा. त्याचा सेट आत कुठेतरी पडलेला, उत्तर कुठून येणार?" त्यांनी टेबलावरचा बिल्ला उलटा केला. "त्याच्या जोडीदाराने फळ्याकडे पाहिलं. मी नको म्हणेपर्यंत पुन्हा आत गेला, त्याला शोधायला. मग छत खाली आलं."

पोरीचा खडू थांबला. मग पुन्हा कागदावर फिरू लागला.

"बैलजोडी म्हणायचो आम्ही दोघांना," साहेब म्हणाले. "एकाला शिंक आली की दुसरा रुमाल काढायचा."

"रुमाल नेहमी माझ्याच घरचा असायचा," ती म्हणाली. दोघंही हसल्यासारखी झाली. हसू काही आलं नाही.

"जोडीदाराच्या बायकोला भेटून आलो दवाखान्यात. झोपेच्या इंजेक्शनवरच आहे अजून."

"सकाळी बसले होते तिच्यापाशी. मला ओळखलं नाही तिने."

निघताना दाराशी त्यांनी आवाज खाली आणला. "पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"उद्या शाळेत कुणीतरी सांगेलच. त्याआधी तुम्ही सांगा."

दार लावून ती परत आली. बिल्ला मुठीत धरून पोरीशेजारी जमिनीवर बसली. तीन दिवस मनात जुळवलेली वाक्यं तिने एकदा आठवून पाहिली. दोनच होती.

"सोन्या, इकडे बघ."

पोरीने खडू ठेवला. तिची नजर मुठीवरून आतल्या खोलीच्या बंद दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

"मावशी, काका तर त्या खोलीत झोपलेत. मग माझे बाबा अजून त्या आगीत कुणाला शोधतायत?"