आधी वजन उतरवा

"आधी वजन उतरवा, मगच तुमच्या यकृताचा तुकडा बहिणीला देता येईल. पण लवकर," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तो पुस्तकांत डोकं खुपसून बसला. पिष्टमय पदार्थ साफ बंद करावेत, की रक्तातली साखर हळूहळू वाढवणारे तेवढे खावेत? एक पुस्तक हे सांगे, दुसरं ते. ठरेपर्यंत जेवण नेहमीचंच चालू होतं.

"अरे, बायको निवडायलासुद्धा तू एवढा वेळ लावला नव्हतास!" ताई अंथरुणातून हसली.

"चुकीचं पथ्य धरलं तर वेळ फुकट जाईल, ताई."

ताई गेली. मग त्याला अन्नच गोड लागेना. शेवटी बायकोने बळेच त्याच डॉक्टरांकडे नेलं.

वजनकाट्यावरचा आकडा बघून डॉक्टरांनी मान खाली घातली. तेव्हा हवं होतं, तेवढं वजन उतरलं होतं.