करंगळीएवढे बोंबील

कारंज्याच्या आठवडी बाजारात लिलाबाई वीस वर्षं सुके बोंबील विकत होती. माल ठोक व्यापारी हरीओमकडून येई. आज त्यानं पोतं उघडलं, तर आत नुसती करंगळीएवढी पिल्लं.

"हे लेकरं मी नाई विकत," ती म्हणाली.

"मावशी, मोठा बोंबील राह्यलाच नाई समुद्रात. हे नाई घेतले, तर तुमचा माल बंद."

"कर बंद. गिळा तुमी पुरा समुद्र."

हरीओम हसला. खांबाला टांगलेल्या तराजूत त्यानं अर्ध्या किलोचं वजन ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात पिल्लं ओतली. पारडं वरच राहिलं. त्यानं आणखी ओतून शीग लावली. तरी वरच.

"तराजू बिघडला तुमचा!" पिल्लं झटकून त्यानं रिकाम्या पारड्यावर तळहात दाबला. पारडं हललं नाही.

लिलाबाईनं एक बोट टेकवलं. पारडं अलगद खाली गेलं. बोट उचलताच वर आलं.

"तराजू बराबर हाये. ने तुया माल."

हरीओमनं ऐकलं नाही. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून तो पारड्यावर ओणवा झाला. त्याचे पाय जमिनीवरून सुटले.

पारडं वरच होतं.