खरवडलेली तबकडी

"नाव खरवडलंय, पण नंबर राहिलाय!" लॅसेल्स पिनॉक धापा टाकत आयोनीच्या कढईपाशी आला.

"आधी घाम पूस. तेलात पडेल," आयोनी म्हणाली.

ती नाचाच्या अंगणाबाहेर बसायची. वर लाल पाटी होती: 'आयोनी मॅकफर्लेन, तळलेले मासे'. आत नाच भरवणाऱ्या कॅप्टन विल्मटच्या माणसाएवढ्या भोंग्यांतून तेच गाणं वाजत होतं आणि सुट्टीच्या दुपारी अर्धं किंग्स्टन त्यावर नाचत होतं.

गाण्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. अमेरिकेहून तबकडी मागवायची आणि चाकूनं तिचं लेबल खरवडायचं, ही नाच भरवणाऱ्यांची जुनी रीत. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचा माग काढताच येत नसे. दोन वर्षं हे गाणं एकट्या कॅप्टनकडे होतं.

लॅसेल्सला तेच हवं होतं. रेडिओदुरुस्ती सोडून त्यानं तबकड्या आयात करायचा परवाना काढला होता. परवाना एका खोक्यापुरता. ते खपलं तर दुकान, नाहीतर पुन्हा लोकांचे रेडिओ.

"कॅप्टनचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला म्हणून मला बोलावलं. तबकडी तिथंच पडलेली. शेवटच्या खाचेच्या आत, गुळगुळीत कड्यावर, नंबर कोरलेला! तिथवर चाकू पोचलाच नाही."

"आणि याआधी कुणाकुणाला विचारलंस?"

"खलाशांना, रेडिओवाल्यांना, कॅप्टनच्या माणसांना. सगळ्यांना."

"सगळ्यांना. बरं." तिनं मासा उलटला.

"गाणारी बाई अमेरिकेतली, न्यू ऑर्लीन्सची असणार. असा गळा आपल्याकडे कुठला?"

आयोनी खोकेपर्यंत हसली. हाका मारमारून तिचा आवाज पार फाटला होता. "खोकं आलं की पहिली तबकडी मला द्यायची. शब्द दे."

"दिला!"

लॅसेल्सनं मायामीच्या तबकड्यांच्या व्यापाऱ्याला नंबर कळवला; उत्तर तीन आठवड्यांनी आलं. त्या नंबरच्या तीनशे प्रती पडून होत्या. एका जमैकन गिऱ्हाइकानं छापून घेतल्या, एकच नेली, बाकीच्या सोडवल्याच नाहीत. तिकडे कुणी विचारत नव्हतं. लॅसेल्सनं पत्राचा मुका घेतला. लबाड कॅप्टन! दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून साराच साठा अडवून बसलेला!

खोकं धक्क्यावर उतरलं त्या सकाळी तो त्याच्या आधी तासभर तिथं हजर होता. गोदीतल्या कारकुनाच्या ग्रामोफोनवर त्यानं एक तबकडी लावली. दुसऱ्या ठेक्याला हमालांनी पोती खाली टाकली. तिसऱ्याला कारकून टेबलावर चढला. लेबल बघायची कुणाला शुद्ध होती?

हातगाडी ढकलत, ओरडत तो थेट आयोनीकडे आला. "मिस आयोनी! तेच गाणं! तीनशे! दुकान झालंच समजा!"

त्यानं खोक्यातून एक नवी तबकडी काढली. आयोनीनं हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले, आणि तबकडी कडेनं धरली. निळ्या लेबलावर सोनेरी अक्षरं होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"चष्मा नाही रे. तू वाच."

लॅसेल्सनं गाण्याचं नाव ठणठणीत वाचलं आणि मान वर करून लाल पाटीकडे पाहिलं.

"थांबलास का? पुढं वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."

खालच्या ओळीत छापलं होतं: 'गायिका आयोनी मॅकफर्लेन, किंग्स्टन, जमैका.'